बिल कॅलिफोर्नियाचं, बाटली उतरली इलिनॉयमध्ये: कर कुणाचा?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको कॅलिफोर्नियात एक छोटी वायनरी चालवतो. इलिनॉयचं वायनरी शिपर लायसन्स (तिथल्या ग्राहकाला थेट वाइन पाठवण्याचा परवाना) आमच्याकडे आहे आणि रिटर्न्स वेळेवर भरतो. आता तिथल्या महसूल खात्याची नोटीस आली आहे: कुरियरच्या अहवालात तुमची ४१ पार्सलं दिसतात, रिटर्न्समध्ये २९ च आहेत. तपासल्यावर कळलं, की बाकीची बहुतेक गिफ्ट ऑर्डर्स होती. पैसे कॅलिफोर्नियातल्या ग्राहकांनी भरले, पार्सल शिकागोला गेलं आणि आम्ही सेल्स टॅक्स कॅलिफोर्नियाचा लावला. फेडरल एक्साइज (केंद्र सरकारचा वाइनवरचा कर) भरलेला आहे. शिवाय १ लाख डॉलरच्या खाली विक्री असेल तर दुसऱ्या राज्यात टॅक्स लागत नाही, असं ऐकलं होतं. मग हे देणं लागतं का? एक मित्र म्हणतो, उत्तरच देऊ नका, इलिनॉय बंद करा आणि जुने ग्राहक असतील त्यांना साध्या पोस्टाने पाठवा.

उत्तर: देणं लागतं. पण तुमच्या पत्रावरून ही चूक नोंदीतली दिसते, लपवाछपवीची नाही. ते खात्याला कागदांनिशी दाखवता आलं, तर प्रकरण कर आणि व्याजावर मिटण्याची चांगली शक्यता आहे. गप्प बसलात तर ती शक्यता तुम्ही स्वतःच घालवाल.

आधी तो १ लाखाचा समज. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या निकालातून तो आला आहे. ज्या विक्रेत्याचा त्या राज्याशी विक्रीपलीकडे काहीच संबंध नाही, त्याच्याकडून सेल्स टॅक्स कधी मागता येतो, एवढाच तिथला प्रश्न होता, आणि १ लाख डॉलर किंवा २०० व्यवहार ही मर्यादा साउथ डकोटाच्या कायद्यातली होती. तुमचा इलिनॉयशी संबंध लायसन्समुळेच जोडला गेला. लायसन्स घेताना तुम्ही तिथलं अधिकारक्षेत्र मान्य केलं आणि कर भरायची जबाबदारी घेतली. ती पहिल्या बाटलीपासून लागू होते. वायनरीवाल्यांची जितकी पत्रं मला येतात, त्यात सर्वांत जास्त नुकसान याच एका गैरसमजाने झालेलं दिसतं, म्हणून तो आधी डोक्यातून काढा.

फेडरल एक्साइज हा पूर्ण वेगळा कर आहे. १६ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या साध्या वाइनवर तो गॅलनला १.०७ डॉलर आहे आणि पहिल्या ३०,००० गॅलनवर १ डॉलरची सूट मिळते, म्हणून छोट्या वायनरीला तो जाणवतही नाही. इलिनॉयचा गॅलनेज टॅक्स, म्हणजे गॅलनवर मोजला जाणारा राज्याचा दारूकर, त्याच्या जोडीला लागतो. तुमच्या वाइनसाठी तो गॅलनला १.३९ डॉलर. बारा बाटल्यांची पेटी म्हणजे ९ लिटर, सुमारे २.३८ गॅलन, म्हणजे पेटीमागे साधारण ३.३० डॉलर. त्यावर सेल्स टॅक्स वेगळा. या बारा पार्सलांचा एकूण आकडा वकिलाच्या फीपेक्षा कमी निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण खात्याला खरी काळजी आहे ती नोंदवल्याशिवाय राज्यात दारू आल्याची.

चूक नेमकी कुठे झाली ते पाहा. तुमच्या विक्रीच्या सॉफ्टवेअरने ऑर्डर बिलाच्या पत्त्यावर नोंदवली आणि रिटर्न त्याच यादीवरून तयार झालं. दारूच्या बाबतीत राज्य पाहतं ते बाटली कुठे उतरली हे. पैसे कुणी दिले याच्याशी त्याला घेणं नाही. कुरियर कंपन्या इलिनॉयला दरमहा पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची नावं-पत्ते देतात, त्यामुळे तुमची यादी आणि त्यांची यादी समोरासमोर येणारच.

म्हणून पहिलं काम: त्या ४१ पार्सलांची तपशीलवार यादी खात्याकडून लेखी मागा, आणि उत्तराला मुदतवाढ हवी असेल तर तीही मुदत संपायच्या आत, लेखीच मागा. फोनवर अंदाजाने काहीही कबूल करू नका. मग एकेक ट्रॅकिंग नंबर तुमच्या ऑर्डरशी जुळवा. घरी २१ वर्षांवरचं कुणी सही करायला नसल्याने परत आलेलं पार्सल कुरियरच्या अहवालात चढलेलं असू शकतं, पण ती विक्री झालीच नाही. पुन्हा पाठवलेलं पार्सल दोनदा मोजलं जातं. अहवालात बाटल्यांऐवजी नुसतं वजन असेल, तर त्यावरून काढलेला गॅलनचा अंदाज तुमच्या पॅकिंग स्लिपशी ताडून बघा; जाड काचेच्या बाटल्यांनी तो फुगतो. घेणाऱ्या प्रत्येकाची वर्षाची बेरीजही करा, कारण इलिनॉयमध्ये एका व्यक्तीला वर्षाला १२ पेट्यांची मर्यादा आहे आणि गिफ्ट पेट्याही तीत धरल्या जातात.

उरतील त्यांची सुधारित रिटर्न्स भरा, कर आणि व्याज एकदमच भरा आणि सोबतच्या पत्रात सॉफ्टवेअरची ती सेटिंग आणि ती बदलल्याची तारीख देऊन दंड माफ करण्याची विनंती करा. कॅलिफोर्नियाकडे चुकून भरलेला टॅक्स परत मागता येतो, मात्र तो तुमचा नफा नव्हे; ज्या ग्राहकाकडून घेतला त्याला तो द्यावा लागतो. परताव्याच्या अर्जालाही मुदत असते, तेव्हा तो मागे ठेवू नका.

मित्राचा पोस्टाचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. अमेरिकेच्या टपालातून दारू पाठवणं हा फेडरल गुन्हा आहे. शिवाय १९३५ च्या कायद्यानुसार तुमचं फेडरल बेसिक परमिट, म्हणजे वायनरी चालवण्याचा केंद्राचा परवाना, एकविसाव्या घटनादुरुस्तीच्या आणि तिच्या अंमलबजावणीच्या कायद्यांच्या पालनावर अवलंबून आहे. १९३३ च्या त्या दुरुस्तीनेच दारूच्या आयातीवर राज्यांना इतका अधिकार दिला. २००५ च्या ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड निकालाने राज्यातल्या वायनऱ्यांना मुभा आणि बाहेरच्यांना बंदी हा भेदभाव अवैध ठरवला, पण सगळ्यांना सारखीच बंदी घालण्याचा हक्क राज्यांकडे राहिला. यूटा आजही थेट शिपिंग होऊ देत नाही. एका शिकागोच्या ग्राहकासाठी अख्खी वायनरी पणाला लावू नका. आणि इलिनॉय खरंच बंद करायचं असेल, तर लायसन्स रीतसर परत करून शेवटचं रिटर्न भरा. ते चालू असेपर्यंत एकही बाटली गेली नसली तरी शून्याचं रिटर्न द्यावं लागतं.

बाकी राज्यांत तुम्ही त्याच सॉफ्टवेअरवरून विक्री करता. तिथेही गिफ्ट ऑर्डर्स अशाच निसटल्या असणार. नोटीस यायच्या आधी आपणहून दुरुस्ती केली तर वागणूक बरीच सौम्य मिळते, नोटीस आल्यावर ती सवलत बहुधा उरत नाही. तेव्हा वाइन क्लबच्या सभासदांची पुढची शिपमेंट निघण्याआधी टॅक्सची सेटिंग डिलिव्हरीच्या पत्त्यावर आणा आणि ज्या राज्यांचं परमिट नाही, ती चेकआउटलाच बंद करा.