साखर कारखान्यानं पीएफ कापला पण भरला नाही, आता कारखाना बँकेच्या ताब्यात. आमचे पैसे बुडाले का?

तुमची हकिकत थोडक्यात अशी : सहकारी साखर कारखान्यात २३ वर्षं कायम कामगार, २०१९ ते २०२२ पगारातून पीएफ कापला पण पासबुकात भरणा नाही, ग्रॅच्युइटी बाकी, कर्जापोटी बँकेनं कारखाना ताब्यात घेतलाय आणि चेअरमन म्हणतात, "आधी बँकेचं भागू दे."

पैसे बुडालेले नाहीत, आणि चेअरमनांचा क्रम उलटा आहे. भविष्य निर्वाह निधी कायदा, १९५२ च्या कलम ११(२) प्रमाणे पीएफच्या थकबाकीचा मालकाच्या मालमत्तेवर पहिला बोजा असतो, म्हणजे त्या मालमत्तेतून आधी पीएफ फेडायचा, बाकी देणी नंतर. याची कसोटी लागली तीही आपल्याच कारखानदारीत. पीएफ खात्यानं थकबाकीपोटी साखर जप्त केली, राज्य सहकारी बँक म्हणाली की ही पोती आमच्याकडे तारण आहेत. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं कौल दिला : तारण असलं तरी पीएफ आधी, आणि त्यात उशिराचं व्याज व दंडही धरायचा. उद्या कारखाना कुणी विकत किंवा भाड्यानं चालवायला घेतला, तर कलम १७ब खाली जुन्या थकबाकीची जबाबदारी त्याच्यावरही येते, हस्तांतरात मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपर्यंत. "नव्या कंपनीचा जुन्याशी संबंध नाही" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईलच.

पण हे आपोआप होत नाही. पीएफ कार्यालयानं कलम ७अ ची चौकशी करून रक्कम ठरवली की मगच वसुली. म्हणून सगळ्यांनी मिळून पीएफ कार्यालयात लेखी तक्रार द्या, पीएफच्या तक्रार पोर्टलवरही टाका. सोबत पगारपत्रकं, हजेरीकार्ड, बँकेचे उतारे जोडा. कारखान्याचं दप्तर अशा वेळी हमखास "सापडत नाही", तेव्हा कामगाराच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीतले कागदच कामी येतात. ज्या महिन्यांचा पगारच थकलाय, त्यांचाही पीएफ मागा. कायद्यात दिलेल्या पगाराइतकाच देय पगारही धरतात. कापलेला हिस्सा न भरणं हा फौजदारी विश्वासघात आहे, हे खरं. तरी माझं मत, पोलिसांकडे आधी धावू नका. संचालक जामिनाच्या मागे लागतात, वसुली तिथंच राहते.

ग्रॅच्युइटीचं दार वेगळं, पीएफ कार्यालय त्यात काही करू शकत नाही. कारखान्याकडे अर्ज द्या, ३० दिवसांत पैसे नाहीत तर नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या दाव्यांचा निवाडा करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे जा. तुमच्या भागात ते कोण, हे सहायक कामगार आयुक्त कार्यालयात कळेल. हिशेब सोपा : शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. ही बेरीज २६,००० असेल तर तुमचे ३ लाख ४५ हजार होतात, वर उशिराचं व्याज. आदेश होऊनही दिले नाहीत तर जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करतात. मात्र १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात पीएफसारखा पहिला बोजा नव्हता, त्यामुळे इथं दिरंगाई महागात पडते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, पण तुमची पीएफची थकबाकी त्याआधीची. "जुना कायदा गेला" असं कुणी म्हणालं तर फसू नका. आणि "आता माझं काही येणं नाही" असल्या कागदावर थोड्या उचलीसाठी सही करू नका.

तुमच्या हंगामी सहकाऱ्यांना सांगा, ग्रॅच्युइटी त्यांनाही आहे, फक्त दर हंगामाला १५ ऐवजी ७ दिवसांच्या पगाराइतकी.

पत्नीच्या ऑपरेशनसाठी ईएसआयचं (कामगारांच्या सरकारी आरोग्य विमा योजनेचं) विचारलंत. निव्वळ साखर करणारा कारखाना ईएसआय कायद्याच्या लेखी हंगामी, म्हणून योजनेबाहेर. जोडीला डिस्टिलरी असेल तर वेगळं निघू शकतं. पगारपत्रकात ईएसआयची कपात दिसते का, ते आधी बघा.