पोटाचा घेर आधी मोजा

भाऊ, वजनकाट्यावर उभं राहण्याआधी शिंप्याची टेप घ्या. बरगडीचं खालचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून मोजा. पॅंटचा नंबर धरू नका. ती पोटाखाली बांधलेली असते. आपल्याकडच्या पुरुषांना मर्यादा 90 सेंमी. वर गेलात तर उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि रक्तदाब तपासा. जोरात घोरता, दिवसा गाडीवर डुलकी लागते? डॉक्टरांना हे आधी सांगा. झोपेत श्वास अडकत असू शकतो.

पहिल्याच आठवड्यात नाशिकच्या पांडवलेणीच्या डोंगराच्या पायऱ्या नकोत. उतरताना गुडघ्यांवर भार येतो, आणि दुखलं की सगळंच बंद पडतं. नदीकाठच्या गोदापार्कला सपाटीवर 30 मिनिटं चाला, आठवड्यातून 5 दिवस. बोलता यावं पण गाता येऊ नये इतका वेग.

मिसळ सोडा असं कुणी म्हणणार नाही (नाशकात ऐकणार कोण!). रविवारी खा: मटकी जास्त, शेव मूठभर, तर्री कमी, पाव एकच. खरी गडबड रोजच्या फोडणीत. तेल माणशी महिन्याला पाऊण लिटरच्या आत ठेवा. आठवड्याला अर्धा किलो वजन उतरलं तरी पुष्कळ. मधुमेहाची गोळी चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, नाहीतर साखर एकदम खाली येऊ शकते.