मुलगा म्हणतो, कॉलेजचा गोल्फ कोच होणार

अमेरिकेतल्या मराठी घरांतून येणारा प्रश्न साधारण असा असतो. मुलगा हायस्कूलपासून गोल्फ खेळतोय, कॉलेजच्या टीममध्ये चार वर्षं काढली, व्यावसायिक टूरवर टिकण्याइतका आपला खेळ नाही हे त्याचं त्यालाच कळलंय. आता त्याला कॉलेजच्या पुरुष संघाचा कोच व्हायचंय. आईवडिलांना यात नोकरी दिसत नाही. पुण्यातल्या आजोबांना गोल्फ म्हणजे येरवड्याच्या क्लबची कुंपणाबाहेरून दिसणारी हिरवळ. तिथे पगारी काम कोणतं, हे त्यांना फोनवर समजावणं आणखी अवघड.

नोकरी आहे. पण मुलाच्या डोक्यात जी आहे ती बहुतेक वेळा नाही. स्विंग शिकवणं हा कॉलेज कोचच्या कामाचा लहानसा भाग. तिथे येणारी मुलं आधीच चांगली खेळतात, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा घराजवळचा वेगळा, पगार देऊन ठेवलेला शिक्षक असतो. शिकवण्यातच गोडी असेल तर क्लबचा रस्ता धरावा. 'पीजीए ऑफ अमेरिका' या गोल्फ शिक्षकांच्या संघटनेचं सदस्यत्व घ्यायचं, त्यासाठी खेळाची परीक्षा द्यायची: एका दिवसात 36 होल, म्हणजे 18 होलच्या दोन फेऱ्या, आणि कोर्स रेटिंगच्या (कसलेल्या खेळाडूला एका फेरीत लागणारे अपेक्षित फटके) दुपटीत 15 मिळवून जो आकडा येतो त्याच्या आत एकूण फटके. रेटिंग 71 असेल तर 157. कॉलेज कोचला ही परीक्षा सक्तीची नाही. पास झालेला असेल तर अर्ज जरा वजनदार होतो, एवढंच.

मग कोच करतो काय? एखादा स्पर्धेचा सोमवार बघा. कॉलेज गोल्फमध्ये रविवारी सराव, सोमवारी 36 होल आणि मंगळवारी 18, हा जुना ठरलेला बेत. सकाळी साडेआठला सगळे गट वेगवेगळ्या होलवरून एकदम सुटतात आणि संध्याकाळपर्यंत चालत राहतात. पाच जण खेळतात, प्रत्येक फेरीत सर्वांत कमी फटक्यांच्या चार जणांचे आकडे धरले जातात. कोचच्या कार्टमध्ये बर्फाची पेटी, केळी, सँडविच, कोरडे टॉवेल आणि जास्तीचे हातमोजे असतात. तो पाचही जणांच्या मागे धावू शकत नाही. म्हणून बरेच कोच एखाद्या अवघड पार-3 च्या (तीन फटक्यांत संपवायच्या होलच्या) टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, ठाण मांडतात. पाचही जण तिथून जाणारच, आणि तिथे निर्णय एकच असतो: कोणता क्लब. आधीचे गट खेळताना बघून वारा कळलेला असतो. झेंड्याच्या डावीकडे पाणी आहे, ग्रीनच्या (झेंड्याभोवतालच्या बारीक हिरवळीच्या) मध्यावर मार, एवढं एक वाक्य पाच वेळा बोललं तरी संघाचे दोन-तीन फटके वाचतात. इथे नवखे असिस्टंट चुकतात. ते बोलत सुटतात, आणि पोराच्या डोक्यात स्विंगचे चार विचार घालून त्याला टीवर उभं करतात.

हे झालं बाहेर दिसणारं काम. वर्षभराचं काम टेबलावरचं. शरद ऋतूतल्या आणि वसंतातल्या स्पर्धा ठरवणं, हॉटेल, व्हॅन, प्रत्येकाची परीक्षा कोणत्या दिवशी आहे याचा तक्ता. शिवाय कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचे नियम: सीझनमध्ये खेळाडूला आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त सराव नाही, सीझनबाहेर 8. गंमत म्हणजे सोमवारचे ते 36 होल या हिशेबात तीनच तास धरले जातात. तासांची नोंद ढिसाळ ठेवली तर कम्प्लायन्सवाले (विद्यापीठात नियमपालन तपासणारे) कोचला धरतात, खेळाडूला नाही.

संघनिवडीची डोकेदुखी वेगळी. नऊ पोरं, पाच जागा. आपसात पात्रता फेऱ्या खेळवून पहिले तीन आकड्यावर आणि उरलेले दोन कोचच्या मर्जीवर, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. भांडणं त्या दोन जागांवरून होतात. मर्जी कशावरून ठरणार, हे ऑगस्टमध्येच लेखी सांगून ठेवणारा कोच सुखी राहतो.

आणि सगळ्यात जास्त वेळ खातं ते रिक्रूटिंग. उन्हाळाभर ज्युनिअर स्पर्धांना जाऊन मुलं पाहायची. डिव्हिजन 1 मध्ये, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या पातळीवर, दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनआधी त्यांच्याशी रिक्रूटिंगबद्दल फोन, मेसेज काही करता येत नाही. कोच तिथे सुंदर स्विंग शोधत नसतो. डबल बोगीनंतरच्या (पारपेक्षा दोन फटके जास्त गेल्यावरच्या) टीवर पोरगा काय करतो, बॅग कशी आपटतो, दोरीपलीकडून सूचना देणाऱ्या बापाला काय उत्तर देतो, हे तो पाहतो. (धाकटा भाऊ किंवा बहीण खेळत असेल तर हे वाक्य घरात मोठ्याने वाचा.)

पैशांची वाटणीही कोचच करतो. डिव्हिजन 1 पुरुष गोल्फला वर्षानुवर्षं 4.5 स्कॉलरशिपची मर्यादा होती. ती तुकड्यांत वाटायची: पाच जणांना निम्मी दिली की 2.5, चार जणांना 40 टक्के दिली की 1.6, हातात उरले 0.4. जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या 'हाउस' खटल्यातल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारलेल्या विद्यापीठांत ही मर्यादा गेली आणि संघात जास्तीत जास्त 9 खेळाडू अशी नवी मर्यादा आली. नियमाने आता नऊही जणांना पूर्ण स्कॉलरशिप देता येते, पण तेवढा पैसा फार थोड्यांकडे आहे. त्याच तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा दिली, आणि तो पैसा मुख्यतः फुटबॉल-बास्केटबॉलकडे वळतो. गोल्फसारख्या खर्चिक पण तिकिटं न विकणाऱ्या खेळाच्या कोचला देणगीदार सांभाळता आलेच पाहिजेत. ओक्लाहोमा स्टेटच्या माइक होल्डर यांनी 1973 ते 2005 या काळात आठ राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली, आणि देणग्या गोळा करून संघासाठी 'कार्स्टन क्रीक' हा कोर्सही उभा केला. पुढे ते त्याच विद्यापीठाचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर झाले, यात नवल नाही.

घरात 'इंजिनिअरिंग सोडून हे काय' असा सूर असेल तर ह्यूस्टनच्या डेव्ह विल्यम्स यांचं नाव सांगा. 16 अजिंक्यपदं मिळवणारा हा कोच मुळात इंजिनिअरिंगचा प्राध्यापक होता.

मात्र या दोन नावांतच अडचणही दिसते. चांगल्या जागेवर बसलेला माणूस तीस-तीस वर्षं उठत नाही. डिव्हिजन 1 मध्ये पुरुषांचे संघ सुमारे 300, म्हणजे हेड कोचच्या जागाही तेवढ्याच. सुरुवात खालून होते: लहान कॉलेजात असिस्टंट, किंवा ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे फी माफी, थोडा स्टायपेंड आणि दोन वर्षांत मास्टर्स. डिव्हिजन 1 मधली व्हॉलंटिअर (बिनपगारी) कोच ही वेगळी पायरी 2023 मध्ये रद्द झाली. डिव्हिजन 2, 3 आणि एनएआयएच्या (लहान कॉलेजांची वेगळी संघटना) कॉलेजात बऱ्याचदा एकच माणूस मुलांचा आणि मुलींचाही संघ सांभाळतो, वर जिमची देखरेख किंवा एखादा वर्ग गळ्यात पडतो. सगळे खेळ आणि सगळ्या पातळ्या धरून अमेरिकेतल्या कोच-स्काउट मंडळींचं मध्यम वार्षिक वेतन सरकारी आकडेवारीत सुमारे 46 हजार डॉलर आहे. सरकारी विद्यापीठांतले पगार सार्वजनिक नोंदींत सापडतात. मुलाला ज्या पाच कॉलेजांत जावंसं वाटतं तिथले आकडे त्याच्याकडूनच काढून घ्या.

अर्जात हमखास होणारी चूक म्हणजे पानभर स्वतःचे स्कोअर. निवड करणाऱ्याला ते नको असतात. तिसऱ्या वर्षापासूनच आपल्या कोचकडे काम मागावं: स्पर्धांची नोंदणी, हॉटेलचं बुकिंग, आकडेवारी, नव्या मुलांना कॅम्पस दाखवणं. मग अर्जात लिहिता येतं की इतक्या स्पर्धांची व्यवस्था केली, इतका खर्च हाताळला. मुलाखतीला जाताना ते कॉलेज कोणत्या पातळीची मुलं आणू शकेल, याची दहा-पंधरा जणांची यादी तयार हवी. ड्रायव्हिंगचा रेकॉर्डही पाहतात, कारण व्हॅन बहुधा असिस्टंट चालवतो. वेगाची दोन चलनं असली तरी विद्यापीठाचा विमा आडवा येऊ शकतो.

आता व्हिसा. सिटिझन किंवा ग्रीनकार्ड असलेल्या मुलांच्या पालकांनी हा भाग सोडून द्यावा. इतरांनी पगाराच्या आधी हाच विचार करावा. ग्रीनकार्डच्या रांगेतल्या घरांत वयाची 21 पूर्ण झाली की एच-4 (पालकांच्या व्हिसावर आधारलेला) संपतो आणि मुलगा एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर येतो. पदवीनंतरच्या ओपीटीत (एफ-1 वाल्यांना मिळणारी मुदतीची काम करण्याची परवानगी) काम पदवीच्या विषयाशी थेट जोडलेलं लागतं. स्पोर्ट मॅनेजमेंटवाल्याला कोचिंग चालेल, कॉम्प्युटर सायन्सवाल्याला ते जोडून दाखवणं कठीण. अशा मुलाला ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा दुहेरी सोयीची: ते कॅम्पसवरचं काम असल्याने ओपीटी खर्ची पडत नाही, आणि मास्टर्सनंतर नव्या विषयावर नवी ओपीटी मिळते. फक्त सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांचीच परवानगी असते, आणि स्पर्धेच्या आठवड्यात ती सहज ओलांडली जाते. प्रवासाचे तास कसे मोजायचे हे इंटरनॅशनल ऑफिसकडून ईमेलवर लिहून घ्या, तोंडी नको.

एच-1बी या नोकरीच्या व्हिसासाठी विद्यापीठांना लॉटरीतून जावं लागत नाही, ही चांगली बाजू. पण त्या जागेसाठी विशिष्ट विषयातली पदवी आवश्यक आहे असं दाखवावं लागतं. जाहिरातीत 'कोणत्याही शाखेची पदवी' असं छापलं असेल तर अर्ज तिथेच दुबळा होतो. म्हणून जाहिरात निघायच्या आधी वकील आणि विद्यापीठाचा एचआर यांचं बोलणं झालेलं बरं. सप्टेंबर 2025 च्या आदेशाने देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर लावले, तेव्हा मधल्या काळात मुलाने भारतात परतण्याआधी वकिलाला विचारावं.

तारखांचा एक हिशेब मात्र घरी बसून करता येतो. असिस्टंटच्या जागा सीझन संपल्यावर, म्हणजे मेअखेर ते ऑगस्ट, निघतात. ओपीटीत बिनकामाचे 90 दिवसच चालतात. पदवी मेच्या मध्यात असेल तर ओपीटीची सुरुवात 60 दिवसांनी, जुलैच्या मध्यात मागावी. घड्याळ ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतं. घाईने मेचीच तारीख टाकली तर ऑगस्टच्या मध्यातच, म्हणजे कॉलेजं नेमणुका करत असतानाच, ते दिवस संपतात.