वाचक विचारतात : जुन्या मियाटाचा सैल हँडब्रेक

प्रश्न : माझ्याकडे १९९१ची माझदा मियाटा आहे. मागचे ब्रेक पॅड घरीच बदलले; आता हँडब्रेक खूप वर ओढावा लागतो. केबल घट्ट करू का?

उत्तर : केबलला आधी हात लावू नका! ती ताणली की कॅलिपरवरचा (पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग) लिव्हर पूर्ण मागे येत नाही, पॅड घासत राहतात आणि डिस्क तापते.

या गाडीत मागच्या पॅडमधलं अंतर हातानेच जुळवावं लागतं. बहुतेकांची चूक इथेच होते. पुढच्या चाकांना ओट (गाडी घरंगळू नये म्हणून ठोकळा) लावा, हँडब्रेक सोडा, मागची बाजू उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर काम नको. कॅलिपरच्या मागे १४ मिमीचा बोल्ट दिसेल, ते फक्त झाकण आहे. तो काढून आत ४ मिमीची ॲलन की (षटकोनी चावी) घाला. चाक जाम होईपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवा, मग एक तृतीयांश फेरा उलटा. चाक मोकळं फिरलं पाहिजे. दुसरी बाजूही तशीच करा आणि ब्रेक पेडल काही वेळा दाबा. तरीही हँडब्रेक सैल वाटला, तरच केबल.

ब्रेकचे रबरी होज (तेलाच्या नळ्या) मूळचे असतील तर तेही बदला. स्टीलच्या जाळीचे घेतले तर पेडल घट्ट लागतं. ब्रेकचं तेल डॉट ४ दर्जाचं भरा. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात कधीही मिसळू नका.