‘गंमत’ म्हणून केलेला पाणउतारा

प्रश्न : माझ्या विभागातील एक ज्येष्ठ सहकारी कामात अत्यंत वाकबगार आहेत, परंतु नव्याने रुजू झालेल्या एका तरुणाला ते मीटिंगमध्ये सतत टोमणे मारतात, त्याचे बोलणे मध्येच तोडतात, आणि अलीकडे महत्त्वाच्या ईमेलमधून त्याचे नाव गळू लागले आहे. विचारले असता ‘अहो, गंमत करतो’ असे उत्तर मिळते. तरुणाने तक्रार केलेली नाही. अशा वेळी मी मध्ये पडावे का, की दोघांना समोरासमोर बसवून प्रकरण मिटवावे?
– एक विभागप्रमुख

उत्तर : मध्ये जरूर पडावे, आणि तक्रारीची वाट पाहू नये. ज्याचा छळ होतो तो बहुधा तक्रार करत नाही, कारण उद्याही त्याला त्याच माणसांबरोबर काम करायचे असते. स्वीडनमध्ये १९८०च्या दशकात कामाच्या ठिकाणच्या छळाचा पायाभूत अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमन यांनी आठवड्यातून किमान एकदा आणि सुमारे सहा महिने चाललेली अशी वागणूक म्हणजे छळ, असा निकष मांडला होता. संशोधनासाठी तो उपयुक्त आहे. विभागप्रमुखाने मात्र तोवर थांबणे म्हणजे नुकसान पुरते होऊ देणे होय.

‘गंमत’ या सबबीविषयी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या करार क्रमांक १९० मध्ये केवळ हेतुपुरस्सर दिलेला त्रासच नव्हे, तर ज्यातून शारीरिक, मानसिक, लैंगिक किंवा आर्थिक हानी होते अथवा होण्याचा संभव आहे असे अस्वीकारार्ह वर्तनही, मग ते एकदाच घडलेले असो वा वारंवार, छळ या संकल्पनेत धरले आहे. हेतू काय होता हा वाद त्यामुळे बाजूला ठेवता येतो. अर्थात कामातील चूक स्पष्ट शब्दांत दाखवणे हा छळ नव्हे. शेरा कामावर आहे की माणसावर, आणि त्याला उत्तर देण्याची मुभा समोरच्याला आहे का, एवढे पाहिले तरी फरक कळतो.

दोघांना समोरासमोर बसवण्याचा मार्ग मला मुळीच पटत नाही. समान बळाच्या दोन व्यक्तींमधील भांडण तसे मिटते. येथे एकाच्या हाती अनुभव, ओळखी आणि वजन आहे, दुसऱ्याच्या हाती काहीच नाही. तो तरुण मान डोलावेल, हस्तांदोलन करील आणि पुढे अधिकच गप्प होईल. त्याऐवजी ज्येष्ठ सहकाऱ्यांशी एकांतात बोला, आणि ‘तुमचे वागणे बरोबर नाही’ असे मोघम न सांगता नेमका प्रसंग समोर ठेवा : ‘मंगळवारी तो आकडे मांडत असताना शाळेत गणित होते ना, असे आपण विचारलेत. सगळे हसले, आणि त्याने पुढचे तीन मुद्दे मांडलेच नाहीत.’ असे तारीखवार टिपण आपल्याजवळ असू द्या. तरुणाशीही वेगळे बोला. मात्र त्याच्या ‘भल्यासाठी’ त्याची बदली करू नका, कारण ती शिक्षा त्यालाच होईल.

मीटिंगमध्ये पुन्हा टोमणा आला, तर तिथल्या तिथे ‘त्यांचे बोलणे पूर्ण होऊ द्या’ एवढे एक वाक्य पुरे. हसणाऱ्यांनाही त्यातून आपली भूमिका कळते, आणि प्रतिबंधाच्या दृष्टीने हे वाक्य भिंतीवरच्या आचारसंहितेपेक्षा मोलाचे आहे.

लेमन यांचा भर व्यक्तींच्या स्वभावापेक्षा कामाच्या रचनेवर होता, आणि तेथेही आपल्याला करण्यासारखे पुष्कळ आहे. त्या तरुणाचा प्रत्येक अहवाल याच गृहस्थांच्या सहीतून जातो का? ईमेल कोणाकोणाला जावेत हे तेच ठरवतात का? तसे असल्यास त्या यादीची जबाबदारी दुसऱ्याकडे द्या आणि अहवाल तपासणारी आणखी एक व्यक्ती नेमा. तक्रार आपल्या लगतच्या वरिष्ठाला टाळूनही करता येईल अशी वाट विभागात असावी, आपल्याविषयीच्या तक्रारीसाठीही.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर लेखी समज द्यावी लागेल. ‘ते गेले तर काम अडेल’ अशी भीती तेव्हा वरून दाखवली जाईल. म्हणून त्यांच्याकडचे काम आणखी कोणाला येते का, हे आपण आताच पाहून ठेवावे.