बायोप्सीचा ब्लॉक आधी मागून ठेवा

दादा, तुम्ही परभणीहून लिहिलंय की वडिलांना शौचातून रक्त जातंय, मूळव्याध म्हणून औषधं झाली, आता हिमोग्लोबिन उतरलंय, आणि कुणीतरी सांगितलं की दुर्बीण नको, रक्ताची नवी तपासणी पुरते. माझ्या आईचं अगदी असंच झालं होतं. मी डॉक्टर नाही, भोगलंय ते सांगतो.

रक्ताच्या तपासणीचा नाद सध्या सोडा. रक्तात फिरणारे गाठीच्या डीएनएचे अंश शोधणारी शील्ड नावाची तपासणी अमेरिकेत 2024 साली मंजूर झाली, पण ती काही त्रास नसलेल्या 45 च्या पुढच्या माणसांसाठी. तिच्या अभ्यासात मोठ्या आतड्याचे सुमारे 83 टक्के कॅन्सर सापडले, कॅन्सरच्या आधीच्या धोकादायक गाठी मात्र 13 टक्केच. ती पॉझिटिव्ह आली तरी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण, चुकत नाही. वडिलांना रक्त डोळ्यांनी दिसतंय, मग माझ्या मते थेट कोलोनोस्कोपीच. सीईए, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं एक प्रथिन, नॉर्मल आलं तरी निर्धास्त होऊ नका.

आता खरं सांगायचं ते. दुर्बिणीतून काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, तो ब्लॉक. गाठीवरच्या पुढच्या बहुतेक नव्या तपासण्या त्याच्यावरच होतात. आईला मुंबईला टाटात नेलं तेव्हा एमएमआर तपासणी सांगितली. त्यात गाठीत चार ठरावीक प्रथिनं आहेत का ते बघतात. एखादं नसेल तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणाऱ्या उपचाराचा, विचार होतो, आणि आजार घराण्यातून आलाय का याचाही शोध घेता येतो. आमचा ब्लॉक होता इकडं, जिथं पहिली बायोप्सी झाली तिथं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, ब्लॉक बाहेर देत नाही. मग अर्ज आणा. मग साहेब रजेवर. तुकड्याचे पातळ काप लावून रंगवलेल्या दोन काचा देऊन बोळवण केली, त्यांच्यावर ही तपासणी होईना. शेवटी म्हणाले, ब्लॉक सापडत नाही. अंगात त्राण नसलेल्या आईला पुन्हा जुलाबाचं औषध, पुन्हा दुर्बीण. उपचार लांबले ते वेगळंच. कॅन्सरच्या पेशंटचा ब्लॉक हरवणं हा माझ्या लेखी गुन्हा आहे, आणि त्याबद्दल कुणी साधं वाईट वाटलं असंही म्हणालं नाही.

म्हणून बायोप्सीच्या दिवशीच विचारा: तुकडा कोणत्या लॅबला गेला, त्याचा नंबर काय, ब्लॉक कधी मिळेल. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. सगळीकडं असंच वागवतात असं नाही, काही लॅब लगेच देतात. आणि ब्लॉक मिळाला की एप्रिल-मेत गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण आहे ते.

काही मोठ्या दवाखान्यांत आता दुर्बीण चालू असताना कॉम्प्युटर पडद्यावर संशयित गाठीभोवती चौकोन काढून दाखवतो. चांगलंच आहे, पण आतडं साफ नसेल तर त्यालाही काही दिसत नाही. पोट साफ करायचं औषध अर्धं आदल्या रात्री, अर्धं पहाटे असं देतात का विचारा. तपासणी संभाजीनगरला असेल तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. औषध पिऊन एसटीत बसवू नका. वडिलांना रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या किती दिवस आधी बंद करायच्या हेही डॉक्टरांना विचारा. त्यानं शौच काळी आणि चिकट होते, आतलं नीट दिसत नाही.