घूस, फितूर की पेरलेला माणूस?

प्रश्न असा आहे: ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ ही बीबीसीची जुनी मालिका बघताना ‘मोल’ हा शब्द सारखा कानावर पडतो, शत्रूनं आपल्याच खात्यात बसवलेल्या हेरासाठी. कोशात ‘चिचुंद्री’ मिळते, वर्तमानपत्रं ‘फितूर’ म्हणतात आणि घरातल्या कुणीतरी ‘घरभेदी’ सुचवलंय. यातला बरोबर शब्द कोणता? आणि त्या मालिकेतल्या बाकीच्या चमत्कारिक शब्दांचं मराठीत काही करता येतं का?

इंग्रजी शब्द तसाच ठेवायची सोय इथे नाही. ‘हनी ट्रॅप’ आपण ठेवला, ‘स्लीपर सेल’ ठेवला, आता मथळ्यांतही ते निर्धास्त वावरतात. पण ‘कार्यालयात मोल सापडला’ असं लिहिलंत तर वाचणारा आधी किंमत समजेल, नाहीतर मोलकरणीचं काही प्रकरण आहे म्हणेल. ‘मोलाचा माणूस’ तर थेट उलट्या अर्थाचा. त्यामुळे मराठी शब्द शोधणं भागच आहे. त्याआधी मालिकेविषयी थोडं, कारण उत्तर तिच्या कथेतच आहे.

जॉन ल कारे यांची कादंबरी १९७४ ची. तिच्यावरची सात भागांची मालिका १० सप्टेंबर १९७९ पासून दर सोमवारी बीबीसी टूवर लागली. दिग्दर्शक जॉन अर्विन, पटकथा आर्थर हॉपक्राफ्ट यांची. त्या वेळी ब्रिटनमधली आयटीव्ही ही प्रतिस्पर्धी वाहिनी संपामुळे बंद होती, त्यामुळे प्रेक्षकांपुढे पर्याय तसे कमीच होते. पण केवळ नाइलाजानं सात आठवडे कुणी इतकी संथ, इतकी अबोल मालिका बघत नाही. पहिलंच दृश्य घ्या. बैठकीची खोली रिकामी आहे. एक माणूस कागद घेऊन येतो आणि बसतो. मग दुसरा, मग तिसरा. चौथा हातात चहाचा कप घेऊन येतो आणि कपावर बशी झाकण म्हणून ठेवलेली. कुणी कुणाशी बोलत नाही. बराच वेळ गेल्यावर एकजण ‘चला, सुरू करू’ अशा अर्थाचं एक वाक्य टाकतो आणि श्रेयनामावली सुरू होते. तिच्यात एकातून एक निघणाऱ्या रशियन बाहुल्या आहेत, आणि शेवटच्या बाहुलीला चेहराच नाही. ब्रिटिश हेरखात्याच्या अगदी वरच्या फळीत मॉस्कोचा माणूस बसलाय. तो कोण हे निवृत्तीत ढकललेल्या जॉर्ज स्मायलीनं शोधायचं. स्मायली झालेत अ‍ॅलेक गिनेस. या भूमिकेसाठी ल कारे यांनी त्यांची गाठ ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे निवृत्त प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांच्याशी घालून दिली होती. तो माणूस कोण, हे मी इथे सांगणार नाही. मालिका जुनी झाली म्हणून काही ते सांगायची मुभा मिळत नाही.

आता शब्दाकडे. ‘मोल’ हा जमिनीखाली बोगदे करणारा, काळ्या मखमली कातडीचा, डोळ्यांनी अधू असा प्राणी. इंग्रजांच्या हिरवळीवर मातीचे ढीग उठवणारा त्यांचा जुना वैरी. १७०२ मध्ये राजा तिसरा विल्यम घोड्यावरून पडला आणि त्यातून पुढे दगावला. घोड्याचा पाय असल्याच ढिगाऱ्याला अडखळला होता म्हणतात. त्यानंतर विल्यमचे विरोधक, म्हणजे जॅकोबाइट, ‘काळ्या मखमलीतल्या छोट्या सद्गृहस्था’च्या नावानं पेले उंचावत. म्हणजे राज्याला खालून सुरुंग लावणारा ही प्रतिमा त्या भाषेत जुनीच. फ्रान्सिस बेकननं सातव्या हेन्रीचा इतिहास १६२२ मध्ये छापला, त्यातही आतून पोखरणाऱ्यांना ‘मोल’च म्हटलंय. ल कारे यांच्या म्हणण्याप्रमाणे हा सोव्हिएत हेरखात्यातला शब्द. मुळात तो कुणाचाही असो, तो घरोघरी नेला कादंबरीनं आणि या मालिकेनं.

हा प्राणी आपल्या महाराष्ट्रात नाहीच. खरी गोची तिथून सुरू होते. कोशकारांनी जवळचा म्हणून चिचुंद्रीला उभं केलं. नात्यानं ती फार लांबची नाही, पण चिचुंद्री म्हणजे कोण? रात्री भिंतीच्या कडेनं चीं चीं करत पळणारी आणि मागे वास सोडून जाणारी. जिथे जाईल तिथे स्वतःची वर्दी देणारा हा जीव हेरगिरीला घेतला तर पहिल्या भागातच मालिका संपेल.

घुशीचं काम मात्र चोख आहे. घूस दिसत नाही, पाया पोखरते, आणि कळतं ते जमीन खचल्यावर. २०१८ मध्ये पुण्यात मुठा कालव्याची भिंत फुटून दांडेकर पूल भागात घरांत पाणी घुसलं, तेव्हा सरकारी खुलाशात दोष उंदीर, घुशी आणि खेकड्यांच्या माथी आला. लोकांनी त्या खुलाशाची यथेच्छ टिंगल केली. पण घूस भिंत पोखरते यात नवल असं कुणाला वाटलं नाही, शंका होती ती फक्त सरकारविषयी. ‘आपल्यात घूस शिरलीय’ हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. अडचण एवढीच की हिंदीत घूस म्हणजे लाच, आणि हिंदी बातम्या ऐकणाऱ्या मराठी माणसाच्या कानात तो अर्थही वाजतो. आणि हो, ‘घुसखोर’ शब्द इथे अजिबात आणू नका. घुसखोर कुंपणाखालून येतो. मोल पुढच्या दारानं, मुलाखत देऊन, पगारपत्रकावर सही करून आलेला असतो.

‘फितूर’ आणि ‘घरभेदी’ हे दोन्ही शब्द दणकट आहेत, पण इथे दोन्ही चुकतात, आणि चुकण्याचं कारण एकच: काळ. फितूर म्हणजे जो आधी आपला होता आणि मग उलटला. किल्ला फितुरीनं गेला म्हणतो तेव्हा किल्लेदार काल-परवापर्यंत आपलाच होता. कोर्टात साक्षीदार फितूर होतो, तोही पोलिसांना दिलेला जबाब फिरवून. सूर्याजी पिसाळांविषयी इतिहासकारांचा वाद चालू राहो, बोलीत ते नाव त्याच अर्थानं रुळलंय: ऐनवेळी फिरलेला. घरभेदीचं मूळ उदाहरण विभीषण. पण विभीषणानं लपवलं काय? भर सभेत रावणाला चार शब्द सुनावले आणि उघडपणे रामाच्या गोटात गेला. मॉस्कोवाल्यांनी असला माणूस एक दिवसही ठेवला नसता.

मोल कधी उलटतच नाही. तो पहिल्या दिवसापासून त्यांचाच असतो. ल कारे यांच्यापुढे याचं खरंखुरं उदाहरण होतं, किम फिल्बी. जन्म १९१२, अंबाल्याचा. वडील इथल्या सनदी नोकरीत. मुलाचं नाव हॅरोल्ड, पण किपलिंगच्या कादंबरीतल्या हेरगिरी करणाऱ्या पोरावरून सगळे त्याला ‘किम’ म्हणू लागले. (किपलिंग जन्मानं मुंबईकर, हे आपण कुठेही सांगायचं सोडत नाही, म्हणून मीही सांगितलं.) सोव्हिएतांनी फिल्बीला हाताशी धरलं १९३४ मध्ये. ब्रिटिश गुप्तहेर खात्यात तो शिरला १९४० मध्ये. आणि युद्ध संपत आलं तेव्हा सोव्हिएतांविरुद्धच्या विभागाचीच सूत्रं त्याच्याकडे होती. १९६३ मध्ये तो बैरुतहून पसार झाला तो थेट मॉस्कोला. या माणसाला फितूर म्हणताना कधीपासून फितूर, असं विचारलं तर उत्तर येतं: कामावर रुजू व्हायच्या सहा वर्षं आधीपासून. मराठीत ‘फितूर’ हे क्रियापद होऊन येतं, ‘तो फितूर झाला’. मोलच्या बाबतीत तो ‘झाला’ कुठे बसवायचा हाच प्रश्न आहे.

मालिका २२ ऑक्टोबरला संपली. १५ नोव्हेंबरला मार्गारेट थॅचर यांनी संसदेत सांगितलं की राणीच्या चित्रसंग्रहाचे माजी अधिकारी अँथनी ब्लंट हे सोव्हिएतांसाठी काम करत होते. महिना उलटायच्या आत गोष्टीतला शब्द बातम्यांत आला.

आपल्या जुन्या साहित्यात याला शब्द नाही असं समजू नका. कौटिल्यानं हेरांची वर्गवारीच मांडलीय. एका जागी बसून काम करणारे ते ‘संस्था’, फिरते ते ‘संचार’. दोन्हीकडचा पगार खाणारा तो ‘उभयवेतन’. अशा माणसाची बायकापोरं ताब्यात ठेवून मगच त्याला शत्रूकडे नोकरीला लावावं, असा कौटिल्याचा थंड सल्ला आहे. उभयवेतन हा शब्द मला फार आवडतो, त्यात हिशेबाच्या वहीचा वास आहे. पण ‘डबल एजंट’साठी तो जास्त शोभतो. फिल्बी पैशासाठी हे करत नव्हता, आणि त्याचं मन दोन्हीकडे नव्हतं.

खऱ्या मोलसाठी ‘मुद्राराक्षस’ हे संस्कृत नाटक उघडावं लागतं. नंदांचा अमात्य राक्षस याचा जिवलग झालेला क्षपणक (म्हणजे भिक्षू) जीवसिद्धी मुळात चाणक्याचा माणूस. हे उघडं होतं तेव्हा राक्षस म्हणतो की शत्रूंनी माझं हृदयसुद्धा ताब्यात घेतलं. तिथे चाणक्याच्या हेराला ‘प्रणिधी’ म्हटलंय. मालिकेच्या शेवटच्या भागातला घाव नेमका हाच: राज्याची गुपितं गेली ती गेलीच, पण ज्याच्यावर जीव टाकला तो कधी आपला नव्हताच. ‘प्रणिधी’ आज कुणाला कळणार नाही, नाहीतर मी त्याचीच वकिली केली असती.

बोलीत मात्र एक तयार शब्द फिरतोय आणि कोशवाले तिकडे बघत नाहीत. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीपासून मंत्रालयापर्यंत लोक म्हणतात, ‘त्यांनी आपल्यात माणूस पेरलाय.’ हे खास मराठी आहे. पेरण्यात हवा तो काळ आपोआप येतो: आज टाकायचं, मातीआड जाऊ द्यायचं, वाट बघायची. पेरणारा दुसरा आहे आणि तो बाहेर आहे हेही त्यातच आलं. त्यामुळे सरळ गद्यात मी ‘पेरलेला माणूस’ किंवा ‘पेरलेला हेर’ लिहीन. संवादात, जिथे दोन अक्षरांत झटका हवा, तिथे ‘घूस’. ‘घूस’ स्त्रीलिंगी आहे म्हणून बिचकायचं कारण नाही. ‘ती घूस कोण?’ असं म्हटल्यावर पुरुष की बाई हे झाकलेलंच राहतं, ते पथ्यावरच पडतं. ‘अस्तनीतला निखारा’ हाही सुरेख, पण तो संशयितांवर वापरू नका. गुन्हा उघड झाल्यानंतर, संतापानं म्हणायचा तो शब्द आहे.

आता बाकीच्या शब्दांकडे. ‘सर्कस’ म्हणजे त्या खात्याचं मुख्यालय. लंडनच्या केंब्रिज सर्कस या गोल चौकाजवळचं म्हणून ते नाव. वाघ-सिंहांचा संबंध नाही. मुंबईत आपण किंग्ज सर्कल म्हणतो त्यातलंच ते गोलपण. भाषांतरात ‘सर्कस’च ठेवावं, कारण आत चालते तीही सर्कसच. ‘लॅम्पलाइटर’ म्हणजे पाळत, निरोप आणि सुरक्षित घरं सांभाळणारे. त्यांना ‘मशालजी’ म्हटलं तर छान वाटतं, पण वाचकापुढे पालखी उभी राहते. ‘पाळतकरी’ बरं. ‘कार्ला’ हे सोव्हिएत हेरप्रमुखाचं टोपणनाव. लोणावळ्याजवळची लेणी आणि एकवीरा मनातून काढून टाका. दिल्लीच्या तुरुंगात स्मायली त्याची मनधरणी करतो तेव्हा तो एक अक्षर बोलत नाही. जाताना मात्र स्मायलीच्या बायकोनं दिलेला लायटर घेऊन जातो. ते काम पॅट्रिक स्टुअर्टनं केलंय, तोंड न उघडता.

अमेरिकी हेरखात्याला हे लोक ‘कझिन्स’ म्हणतात, आणि इथे मराठी मूळ शब्दावर मात करते. ‘भाऊबंद’ म्हणा. इंग्रजीत त्या शब्दामागचा तिरकसपणा सुरावरून ओळखावा लागतो. आपल्याकडे भाऊबंद म्हटलं की बांधावरचं भांडण आणि भाऊबंदकी शब्दातच बसलेली असते.

राहिलं शीर्षक. इंग्रजी पोरं चेरीच्या बिया मोजत ‘टिंकर, टेलर, सोल्जर, सेलर’ म्हणतात, त्यातून ते उचललंय. पाच संशयितांना या गाण्यातून सांकेतिक नावं दिली आहेत. टिंकर म्हणजे दारोदार फिरून भांडी दुरुस्त करणारा, आपला कल्हईवाला त्याच्या अगदी जवळचा. ‘कल्हईवाला, शिंपी, शिपाई, हेर’ हे ऐकायला झकास आहे, शिंपी-शिपाई तर मूळपेक्षाही खणखणीत. फक्त कथेत एक अट आहे: ‘सेलर’ हे नाव मुद्दाम वगळलं, कारण ते ‘टेलर’शी यमक जुळवतं. शत्रूच्या मुलखातून एकच शब्द कळवायचा असताना तो घोटाळा परवडणारा नव्हता. मग खरखरत्या फोनवर ‘शिंपी’ आणि ‘शिपाई’ यांतलं अंतर कितीसं? त्यातला एक बदलावाच लागेल. शिंप्याच्या जागी ‘दर्जी’ बसवून बघा.